जुन्या फोर-बाय-फोरसाठी बदली ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडताना

‘गिअरबॉक्स बसला, दुसरा बघा,’ असे मिस्त्रीने सांगितले की बहुतेक मालक लगेच मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात फोन लावतात आणि पहिला प्रश्न किमतीचा विचारतात. वास्तविक किमतीचा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स होता, तो खरोखरच गेला आहे का आणि आपण ही गाडी कोठे चालवतो, या तीन गोष्टी कागदावर लिहून झाल्याशिवाय कोणाशीही भाव करू नये.

सुरुवात ऑइलच्या कांडीपासून करावी. कांडीवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून दहा मिनिटे तसाच ठेवावा. लालसर डाग पसरत गेला तर ऑइल अजून जिवंत आहे, आणि डाग जागच्या जागी काळा राहून जळका वास येत असेल तर आतल्या क्लच प्लेटा जळालेल्या आहेत. ऑइल दुधाळ गुलाबी झालेले असेल तर रेडिएटरमधील कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलेले असते. अशा वेळी रेडिएटर न बदलता दुसरा गिअरबॉक्स बसवला, तर तोही त्याच मार्गाने जातो. गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा पॅन खोलल्यावर त्यातल्या चुंबकावर करडी, बारीक लुगदी दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. हाताला टोचणारे धातूचे तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचे काळे कण सापडले तर मात्र निदान पक्के समजावे. गिअर उशिरा पडणे किंवा झटका बसणे हे कित्येकदा कमी ऑइल, ढिली झालेली थ्रॉटल केबल, खराब सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा तुटलेले इंजिन माउंटिंग यांमुळेही होते, आणि ही दुरुस्ती नवीन गिअरबॉक्सच्या मानाने किरकोळ असते.

निदान पक्के झाल्यावर ओळख पटवावी. गाडीचे मॉडेल आणि साल एवढी माहिती त्यासाठी पुरत नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या ८० सिरीज लँड क्रूझरचे उदाहरण घ्यावे: इंजिन तेच, गाडी तीच, परंतु १९९३-९४ मध्ये तिच्यात ए४४२एफ गिअरबॉक्स होता आणि १९९५ पासून ए३४३एफ आला. म्हणून दाराच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवरचा ट्रान्समिशन कोड आणि गिअरबॉक्सच्या अंगावरचा नंबर, या दोहोंचे फोटो काढून विक्रेत्याकडून त्याच्या मालाचे तसेच फोटो मागवावेत. ‘सेम टू सेम आहे साहेब’ या शब्दावर विसंबून मी एकदा एक गिअरबॉक्स उचलून आणला होता. बाहेरून तो हुबेहूब होता. वायरिंगच्या सॉकेटमधील पिना मात्र कमी निघाल्या, आणि हे लक्षात आले तेव्हा तो गाडीखाली जॅकवर चढलेला होता.

आता मुख्य निर्णय: मूळ जातीचाच गिअरबॉक्स घ्यावा की दुसऱ्या जातीचा? माझे स्पष्ट मत असे की, दहांपैकी नऊ गाड्यांना मूळ जातीचाच, नीट खोलून नव्या प्लेटा आणि सीलसह बांधलेला गिअरबॉक्स योग्य ठरतो. दुसरी जात निवडण्यामागे आकड्यांत मांडता येईल असे कारण असावे. चढावर गाडी किती सावकाश आणि किती ताकदीने सरकेल, हे पहिल्या गिअरचे प्रमाण, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) लो रेंजचे, म्हणजे सावकाश गिअरचे प्रमाण आणि अॅक्सलचे प्रमाण यांच्या गुणाकारावरून कळते. जुन्या जीप चेरोकीतील एडब्ल्यू-४ गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८० आहे, त्याला लो रेंजच्या २.७२ ने आणि अॅक्सलच्या ३.५५ ने गुणले तर सुमारे २७ येतात. त्याच गाडीत जनरल मोटर्सचा ७००आर४ (पहिला गिअर ३.०६) बसवला तर आकडा साडेएकोणतीसपर्यंत जातो, आणि दणकटपणाबद्दल नावाजलेला टीएच४०० (२.४८) बसवला तर चोविसापर्यंत उतरतो. शिवाय टीएच४०० ला तीनच गिअर असल्यामुळे आग्रा महामार्गावर इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर ओरडत राहील. म्हणजे ‘मजबूत’ हा एकच शब्द ऐकून निवड केली तर हरिहर किल्ल्याच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावरही तोटा आणि महामार्गावरही तोटा. मोठे टायर बसवलेले असतील तर हा हिशेब त्यांचा व्यास धरून करावा, कारण टायर वाढले की प्रत्यक्ष ओढ तितकी कमी होते.

दुसऱ्या जातीचा गिअरबॉक्स घेतल्यास चार सांधे जुळवावे लागतात. पहिला सांधा इंजिनाशी आहे. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये अॅडॅप्टर प्लेट उत्तम कापून मिळते, ही नाशिककरांची मोठी सोय आहे. मात्र प्लेटचा मध्य क्रँकशाफ्टच्या मध्याशी जुळतो की नाही, हे डायल गेज लावून तपासून घ्यावे. नुसते बोल्ट बसले म्हणजे मध्य जुळला असे होत नाही, आणि थोडासा फरकही पुढचा सील आणि पंप खाऊन टाकतो. दुसरा सांधा ट्रान्सफर केसचा. एकाच एडब्ल्यू-४ ला सुरुवातीच्या वर्षांत २१ आणि नंतर २३ दात्यांचा शाफ्ट आला, म्हणून दाते बोटाने मोजावेत. तिसरा सांधा लांबीचा आहे, कारण गिअरबॉक्स लांब किंवा आखूड निघाला की क्रॉस मेंबर आणि पुढचा-मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट बदलावे लागतात. चौथा सांधा विजेचा, आणि जुन्या डिझेल गाड्यांत सर्वाधिक फसगत येथेच होते. इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सला पेडल किती दाबले हे कळावे लागते, तर यांत्रिक डिझेल पंपावर ते सांगणारा सेन्सर बहुधा नसतो. तो बसवून वेगळा कंट्रोलर घ्यावा लागतो. केबलवर चालणारा ७००आर४ या कटकटीतून सोडवतो, पण त्याची केबल चुकीची लावली तर आतला दाब कमी पडून प्लेटा थोड्याच दिवसांत जळतात.

वापरलेला गिअरबॉक्स घेताना पॅन आपल्या डोळ्यांसमोर उघडायला लावावा, गिअरबॉक्सचा नंबर बिलावर लिहून घ्यावा आणि वॉरंटी गिअरबॉक्सपुरतीच आहे की उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीसकट, हे आधी विचारावे. जुना गिअरबॉक्स बदल्यात लगेच देऊन टाकू नये. कांडीची नळी, सेन्सर, ब्रॅकेट यांपैकी काही ना काही त्याच्यावरून काढून घ्यावे लागतेच. गिअरबॉक्सची जात बदलायची असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ लक्षात घेऊन आधी आरटीओत विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर नवीन किंवा खोलून साफ केलेलाच घ्यावा, कारण जुन्या गिअरबॉक्सचा सगळा चुरा त्याच्या पोटात साठलेला असतो. त्याच कारणाने कूलरच्या नळ्या आणि कूलरही धुऊन घ्यावेत. बसवताना कन्व्हर्टर फिरवत-फिरवत आत ढकलावा. तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो आणि शेवटचा टप्पा पंपाचा असतो. तो बसला नाही आणि बोल्ट आवळले तर इंजिन सुरू होण्याआधीच पंप फुटतो. म्हणून बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचे पुढचे घंटेसारखे कवच) इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का आणि इंजिनाच्या शाफ्टवरील फ्लेक्स प्लेटपर्यंत थोडी फट उरते का, हे पाहावे. जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये ही फट साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते. ऑइल त्या गिअरबॉक्सला सांगितलेलेच भरावे. गाडी पावसाळ्यात ओढ्यांतून जात असेल तर ब्रीदरची (गिअरबॉक्समधील हवा बाहेर सोडणारी) नळी याच वेळी उंच, इंजिनाच्या वरच्या भागात नेऊन ठेवावी.

ऑइलच्या तापमानाचा काटा आणि समोर वेगळा कूलर यांवरचा खर्च मी ऐच्छिक मानत नाही. पहिली फेरी गंगापूर रोडवर सपाटीवर मारावी, गाडी गरम झाल्यावर सगळ्या गिअरांतून लिव्हर फिरवून कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने पातळी पुन्हा पाहावी, आणि मगच सप्तशृंगी गडाचा घाट चढावा. चढताना काटा ९० अंशांच्या आसपास स्थिर राहिला तर गाडी पुढे न्यावी. १२० कडे सरकू लागला तर बाजूला थांबून, लिव्हर पार्कमध्ये टाकून, इंजिन चालूच ठेवावे, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहून त्याचे तापमान उतरते.