आधी सुटं, मग सोनं

8 नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतरचे पंधरा दिवस आठवा. लोकांकडे पैसा होता, सुटे नव्हते. दोन हजारांची नोट घेऊन दूधवाल्यापुढं उभं राहणाऱ्याची जी गत झाली, तीच गत खऱ्या अरिष्टात वीस ग्रॅमचं बिस्किट दाखवून जोंधळा मागणाऱ्याची होणार. बाजार बसला, बँका बंद, सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडलेल्या, अशा वेळी रोजचा व्यवहार मीठ, काड्यापेटी, गूळ यांवर चालतो. सोनं त्या दिवसांसाठी नसतंच. घडी परत बसल्यावर बैल घ्यायला, गिरणीची मोटर भरून घ्यायला, रान सोडवायला ते लागतं. म्हणून साठवणीचे दोन ढीग करा आणि एकमेकांत मिसळू नका.

सुरुवात मापापासून. बेळगावच्या रविवार पेठेत आज किलो चालतो, पण काट्याचे सेल संपले की शेर-पायली परत येणार. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. पत्र्याचं मापटं आणि शेर घरात हवंच. मात्र शेर गावोगाव कमीजास्त भरतो. तुमच्या शेरात जोंधळा किती ग्रॅम बसतो ते आजच काट्यावर बघा आणि आकडा तळाला खिळ्यानं कोरून ठेवा. पुढं प्रत्येक वस्तूचा भाव शेरभर जोंधळ्यात बोलायचा. बलुतं याच हिशेबावर चालत होतं.

वस्तूंत पहिलं मीठ. चौघांच्या घराला महिन्याला किलोभर पुरतं, म्हणजे 25 किलोचं पोतं दोन वर्षं जातं. अदलाबदलीसाठी आणखी एक घ्या, यापेक्षा स्वस्त विमा मिळत नाही. खानापूरच्या साध्या मडक्यात मात्र मीठ भरू नका. ओल मातीत शिरते, मीठ बाहेरच्या अंगाला फुलतं आणि मडक्याचे पापुद्रे सुटायला लागतात. पत्र्याचा डबा गंजतो. चिनी मातीची बरणी किंवा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पिंप घ्या. जुन्या मिठातलं आयोडीन कमी होत जातं, बाकी मीठ मीठच राहतं.

गूळ मृगाच्या आत बंद झाला पाहिजे. पावसाळी हवा लागली की पाणी सुटतं, मग बुरशी येते. दहा किलोची ढेप घेऊ नका, फोडताना निम्मी वाया जाते आणि घरात काय आहे ते गल्लीला कळतं. किलोकिलोच्या ढेपा जाड पॉलिथिनमध्ये हवा दाबून बांधा आणि स्टीलच्या डब्यात ठेवा.

निपाणीच्या भागात तंबाखूला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पान मुठीत दाबून सोडा. हळूहळू उलगडलं तर बरोबर, चुरा झाला तर जास्त वाळलं, गोळा तसाच राहिला तर बुरशी धरणार. पानावर बारीक गोल भोकं दिसली की किडा लागला समजा. हाच किडा मिरची आणि हळदीलाही लागतो, त्यामुळं तंबाखू आणि संकेश्वरी मिरची एका कपाटात नको. मिरची अख्खीच ठेवा, अंधारात. कुटलेल्या तिखटाचा रंग आणि जोर दोन्ही लवकर जातात.

काड्यापेट्या, मेणबत्त्या, सुया-दोरा, अंगाचा साबण, चहा: हे सगळं कोरड्या बंद डब्यात, आणि आधीच पुड्या बांधून. चहा 50 ग्रॅम, मीठ पाव किलो, तंबाखू 25 ग्रॅम. देताना पुडी पुढं करायची, डबा नाही.

धान्यात तांदळापेक्षा भात ठेवा. टरफल आहे तोवर दाण्याला कीड सहज लागत नाही, आणि येळ्ळूर-वडगाव शिवारातलं बासमती असेल तर पेरायलाही उपयोगी पडतं. वीज गेली की गिरणी गेली, तेव्हा उखळ आणि मुसळ माळ्यावरून खाली उतरवा. जोंधळा कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवायचा. ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, त्याची घरगुती खूण म्हणजे दाताखाली दाणा कट्ट वाजतो, चेपत नाही. उन्हातून काढल्यावर गार होऊ द्या, मगच पत्र्याच्या कोठीत भरा. गरम दाणा बंद केला तर झाकणाखाली घाम येतो आणि वरचा थर कुजतो. कोठी विटांवर, भिंतीपासून हातभर लांब. मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला. धान्यात टाकायच्या त्या जहाल गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, राहत्या घरात आणायच्याच नाहीत. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत.

कुणाला पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, आठवेल, कन्नड शेजाऱ्यांचं हगेवु. ते मुरमातच टिकतं, काळ्या रानात भिंत फुगते आणि पाझरते. जुनं पेव वापरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: दाणा श्वास घेतो, आतला प्राणवायू संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो. तोंड उघडल्यावर दिवसभर हवा खेळू द्या, मग दोरीनं पेटता कंदील तळापर्यंत सोडा. विझला तर कुणीही उतरायचं नाही. तेवत राहिला तरी कमरेला दोर बांधून आणि वर दोघं उभे करूनच उतरा.

पेट्रोल, रॉकेल, दारू यांच्या नादी लागू नका. पहिली दोन घर पेटवतात, तिसरी भलती माणसं दारात आणते.

आता चांदी, कारण मोठ्या व्यवहारातलं सुटं तीच. सगळ्यात सोयीचा जुना राणीछाप रुपया: वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी 91.7 टक्के. साल मात्र वाचा. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, आणि 1947 चा रुपया निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. बनावट नाणी भरपूर फिरतात, म्हणून पाण्याची परीक्षा शिकून घ्या. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. खऱ्या राणीछापाला काटा 1.13 च्या आसपास दाखवतो, भागाकार 10.3 च्या जवळ येतो. शुद्ध चांदीला 10.5, बावीस कॅरेट सोन्याला साधारण 17.8, चोवीसला 19.3. टंगस्टनचा आकडाही जवळपास 19.3 च असल्यानं बिस्किटाच्या पोटात तो भरला असेल तर ही परीक्षा फसते.

चांदी काळी पडते ती गंधकानं. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड, लोकरीचं कापड या तिघांत गंधक असतं, आणि आपल्याकडं नेमकी त्यातच ती गुंडाळतात. मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पाकिटानं नाण्यावर हिरवट चिकटा येतो. साधी पॉलिथिनची पिशवी चांगली. काळी पडलेली चांदी घासू नका, घासण्यात वजन जातं. पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, लिटरभर उकळतं पाणी, चमचाभर खायचा सोडा, चमचाभर मीठ. चांदी फॉइलला टेकवून पाच मिनिटं ठेवा. सडक्या अंड्याचा वास आला म्हणजे काम चाललंय.

सोनं घेताना डाग, म्हणजे दागिना, नको. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख असते, वजन दिसतं तेवढं सोनं नसतं. गुरुपुष्याला घेतात ते साधं वेढणं सगळ्यात बरं. शुद्ध सोन्याची तार, हवा तेवढा तुकडा कात्रीनं तोडता येतो. एक-दोन ग्रॅमचीच घ्या, घडणावळ थोडी जास्त पडली तरी चालेल. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्क सक्तीचा नाही, म्हणून शहापूरच्या सराफाची पावती जपून ठेवा. सीलबंद नाण्याचं पाकीट फोडू नका. पावती नसली तरी 1994 च्या आयकर खात्याच्या सूचनेप्रमाणं लग्न झालेल्या बाईचे 500, न झालेल्या मुलीचे 250 आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने झडतीत जप्त करत नाहीत. ही सवलत दागिन्यांना आहे, बिस्किटांना नाही.

बराचसा साठा लॉकरमध्येच असू द्या. बँकेच्या चुकीनं किंवा चोरी-आगीत नुकसान झालं तर वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच भरपाई मिळते, आणि पुरासारख्या आपत्तीत तीही नाही. घरात दहावा भाग पुरे. तांदळाचा डबा, देवघर, गादी, तुळशीवृंदावन सोडून, कारण चोर तिथंच आधी बघतो.

पुरायचंच असेल तर 110 मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप, दीड फूट. एका तोंडाला टोपी सॉल्व्हंट सिमेंटनं कायमची, दुसऱ्याला आट्याची टोपी, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे. सिमेंटचा वास जाईपर्यंत पाइप एक दिवस उघडा ठेवा. मग आत कोरडा कागद घालून, दगड बांधून चोवीस तास हौदात बुडवा. कागद कोरडा निघाला तरच वापरा, आणि तो कागद चांदीजवळ ठेवू नका. सोबत 100 ग्रॅम सिलिका जेलची पुरचुंडी. पलटी नांगर फूटभर जातो, म्हणून पाइपचं डोकं तरी अडीच-तीन फूट खाली. अथणी-गोकाककडच्या काळ्या रानात उन्हाळी भेगा खोल जातात, पाइप सरकतो, आटे ढिले होतात. बेळगाव-खानापूरची जांभ्याची जमीन बरी. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते आठवून त्याच्या वर जागा धरा. खूण झाडाची किंवा बांधाची नको, जेसीबी एका दुपारी दोन्ही पुसतो. विहिरीचं कडं आणि घराचा कोपरा, या दोन ठिकाणांपासूनची अंतरं लिहून ठेवा. एक आकडा एकाकडं, दुसरा दुसऱ्याकडं. कुणालाच न सांगता गेलात तर पुढं तो ऐवज निखात निधीच्या, म्हणजे जमिनीत सापडलेल्या बेवारस धनाच्या, कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाईल. खड्डा आंब्याचं रोप लावताना किंवा ठिबकची पाइप टाकताना काढा, म्हणजे उकरलेल्या मातीला कारण असतं.

दर अक्षय तृतीयेला, मृगाआधी, डबे उघडा. सगळ्यात जुनी पुडी घरात वापरा, नवी मागं ठेवा. सिलिका जेलचे निळे मणी गुलाबी झाले असतील तर मंद आचेवर निळे होईपर्यंत परतून घ्या, फार तापले तर काळे पडून वाया जातात. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा भाकरीचा तवा त्यासाठी वापरू नका.