वेळेआधी निवृत्त झाल्यावर अर्जातील ‘व्यवसाय’ हा रकाना कसा भरावा

वयाच्या ४४व्या वर्षी मी नोकरी सोडली, ती पुन्हा न धरण्याच्या निश्चयाने. त्यानंतरच्या अकरा वर्षांत बँका, विमा कंपन्या, परदेशी वकिलाती, करखाते अशा अनेक ठिकाणचे अर्ज मी भरले, आणि दर वेळी ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी थोडे थांबावे लागले. या रकान्याबद्दल फुकट मिळणारे बहुतेक सल्ले घातक असतात. ‘सल्लागार’ लिहा म्हणजे वजन पडते, असे कोणी सांगते. जुन्याच कंपनीचे नाव देऊन टाका, कोण बघायला येणार आहे, असे दुसरे कोणी सांगते. पहिला सल्ला मी स्वतः पाळला होता, म्हणून त्याविषयी खाली विस्ताराने लिहिले आहे.

आधी हा प्रश्न कोण विचारत आहे ते पाहावे. शब्द एकच असला तरी बँकेला त्यातून तुमचा पैसा कोठून येतो हे हवे असते, वकिलातीला तुम्ही प्रवासाचा खर्च कसा भागवणार आणि मुदतीत परतणार का हे हवे असते, तर विमा कंपनीला तुमच्या रोजच्या कामात धोका किती हे मोजायचे असते. तुमची प्रतिष्ठा यांपैकी कोणालाच नोंदवून घ्यायची नसते. हे एकदा ध्यानात आले की रकाना भरणे पुष्कळ सोपे होते.

नोकरीधंदा पूर्णपणे थांबवला असेल तर ‘निवृत्त’ हाच शब्द लिहावा. त्यासाठी वयाची अट नसते आणि निवृत्तिवेतन मिळत असण्याचीही नसते. मात्र यादीत ‘निवृत्तिवेतनधारक’ असा वेगळा पर्याय असेल आणि तुम्हाला निवृत्तिवेतन मिळत नसेल, तर तो निवडू नये, कारण पुढे त्याचा दाखला मागितला जाऊ शकतो.

‘बेरोजगार’ हा शब्द नम्रपणा म्हणूनही लिहू नये, कारण तो वस्तुस्थितीला धरून नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ सालच्या श्रमसांख्यिकी परिषदेने ठरवलेल्या आणि २०१३ साली सुधारलेल्या व्याख्येत बेरोजगारीला तीन अटी आहेत: काम नसणे, कामाचा शोध चालू असणे आणि मिळाल्यास ते करायला मोकळे असणे. ज्याने काम शोधणेच थांबवले आहे तो या हिशेबात श्रमशक्तीच्या बाहेरचा ठरतो. कर्ज किंवा व्हिसा देणाऱ्याच्या नजरेत मात्र ‘बेरोजगार’ म्हणजे उत्पन्न नसलेला माणूस, आणि तशी नोंद झाल्यावर कितीही गुंतवणूक दाखवली तरी पहिला ग्रह पुसायला वेळ लागतो.

स्त्रियांनी आणखी एक गोष्ट जपावी. समोरचा कर्मचारी न विचारताच ‘गृहिणी’ या पर्यायावर खूण करतो, असा अनुभव मला दोनदा आला. त्या शब्दात कमीपणा मुळीच नाही. परंतु त्याला जोडून उत्पन्नाच्या रकान्यात पतीचे उत्पन्न गृहीत धरले जाते, आणि मग स्वतःच्या बचतीतून भरलेली रक्कम खुलासा मागणारी ठरते. अर्ज दुसऱ्याने भरला असला तरी सही करण्यापूर्वी तो रकाना स्वतः वाचावा आणि चुकला असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावा.

आता खरा अवघड भाग. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी एका बँकेत खाते उघडताना मी ‘सल्लागार’ असे लिहिले. दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांना मी अधूनमधून विनामूल्य सल्ला देत असे, त्यामुळे ते खोटे आहे असे मला वाटले नव्हते. काही आठवड्यांनी बँकेचे पत्र आले: ग्राहकांशी झालेले करार, पावत्या आणि व्यवसायाची नोंदणी सादर करावी. यांपैकी माझ्याकडे एकही कागद नव्हता. खात्यात जमा झालेली रक्कम जुन्या गुंतवणुकीची होती, आणि ती सल्लागाराच्या उत्पन्नाशी कोठेच जुळत नव्हती. लेखी दुरुस्ती देऊन, मूळ गुंतवणुकीचे उतारे जोडून प्रकरण मिटेपर्यंत त्या खात्यातून मला पैसे काढता आले नाहीत.

त्या वेळी मला बँकेचा राग आला होता. पुढे समजले की हे तपासणे तिच्यावर बंधनकारकच असते. पैशांच्या अवैध व्यवहारांना आळा घालण्यासाठी १९८९ साली स्थापन झालेल्या ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या चाळीस शिफारशी आहेत. त्यांपैकी दहाव्या शिफारशीनुसार बँकेने ग्राहकाचे व्यवहार त्याने दिलेल्या माहितीशी जुळतात का हे पाहत राहायचे असते, आणि गरज पडल्यास निधीचा स्रोतही विचारायचा असतो. व्यवसायाच्या रकान्यातला शब्द आणि खात्यातला पैसा यांचा मेळ बसला नाही की शंका घेतली जाणारच.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द लिहावा आणि आपली सगळी ताकद ‘उत्पन्नाचा स्रोत’ या रकान्यात लावावी. तेथे ‘बचत’ एवढेच लिहून सोडू नये. ‘ठेवींवरील व्याज, शेअरचा लाभांश, घरभाडे, म्युच्युअल फंडातून दरमहा काढलेली रक्कम’ असे प्रकार स्पष्ट लिहावेत, आणि जे कागदावर दाखवता येईल तेवढेच लिहावे. निधीचा स्रोत आणि संपत्तीचा स्रोत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हेही ओळखावे. आज जमा केलेली रक्कम कोठून आली हा पहिला प्रश्न. एकूण मालमत्ता आयुष्यभरात कशी उभी राहिली हा दुसरा. दुसऱ्याच्या उत्तरात ‘अमुक इतकी वर्षे पगारी नोकरी व त्यातील बचतीची गुंतवणूक’ असे लिहावे. जुन्या नोकरीचा उल्लेख शोभतो तो येथे.

‘गुंतवणूकदार’ हा शब्द मी टाळते. अनेक देशांत स्वतःची बचत गुंतवून मिळालेला नफा आणि धंदा म्हणून केलेल्या खरेदी-विक्रीचा नफा यांवर वेगवेगळ्या नियमांनी कर लागतो, आणि गुंतवणूक हाच आपला व्यवसाय असल्याचे आपणच लिहून दिले तर नको तो वाद ओढवून घेतल्यासारखे होते.

ऑनलाइन अर्जात मालकाचे, म्हणजे नोकरी देणाऱ्याचे, नाव भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही, तेव्हा ‘लागू नाही’ असे लिहावे. तेही चालत नसेल तर ‘निवृत्त’ हाच शब्द पुन्हा लिहावा. जुन्या मालकाचे नाव चालू नोकरी म्हणून कधीही देऊ नये. पडताळणीचा एक फोन गेला की ते खोटे विधान ठरते, आणि व्हिसाच्या अर्जात खोट्या विधानाची किंमत फार मोठी असते. अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या यादीत ‘निवृत्त’ आणि ‘नोकरी नाही’ असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत, त्यांतला पहिला घ्यावा. अर्जासोबत कागद जोडता येत असतील तर नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, गुंतवणुकीचे उतारे आणि निवृत्ती केव्हा घेतली, खर्च कशातून चालतो हे सांगणारे एक पानी निवेदन जोडावे. चाळिशीतला निवृत्त माणूस पाहून अधिकाऱ्याच्या मनात येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने विचारण्याआधीच त्याच्या हाती असते.

विम्याच्या अर्जात ‘निवृत्त’ लिहून थांबू नये. उंचावर चढणे, यंत्रे चालवणे असे काही नियमित करत असाल तर तेही लिहावे. परिपूर्ण सद्भावनेचे तत्त्व, म्हणजे महत्त्वाची माहिती आपणहून सांगण्याचे बंधन, इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या १७६६ सालच्या निकालापासून विमा कायद्यात रुजलेले आहे, आणि महत्त्वाची माहिती दडवली असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो.

जनगणना व श्रमसर्वेक्षणात प्रश्न विचारतील तसे सरळ उत्तर द्यावे. तेथे ठरावीक काळातले प्रत्यक्ष काम मोजले जाते, आणि आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे मोबदला घेऊन आठवड्यात एक तास केलेले कामही रोजगारात धरले जाते. महिन्यातून चार शिकवण्या घेऊन फी घेत असाल तर ती सांगावी. इतर अर्जांतही अशा कमाईसाठी ‘निवृत्त, अंशकालीन अध्यापन’ असे लिहावे, आणि यादीतून एकच पर्याय निवडायचा असेल तर ‘निवृत्त’ निवडून ती फी उत्पन्नाच्या रकान्यात दाखवावी.

शेवटी जुनी खाती आणि विमा पॉलिसी काढून पाहाव्यात. तेथे तुम्ही अजून नोकरदार असाल. नोकरी सुटल्यावर त्या नोंदी बदलून घ्याव्यात, आणि कोठे काय लिहिले हे तारखेसह एका वहीत टिपून ठेवावे, म्हणजे दोन ठिकाणी दोन उत्तरे जाणार नाहीत.