सागाच्या धंद्यात येताय? आधी उतारा शिका

चंद्रपूर-गडचिरोलीचा सीपी साग (सीपी म्हणजे जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत) आजही मिळतो आणि बल्लारशा, आलापल्लीच्या मालाची पत टिकून आहे. माल मात्र आटला. 1988 च्या वननीतीने जंगलाकडे महसुलाचं साधन म्हणून पाहणं थांबवलं. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे त्या जंगलाच्या वर्किंग प्लॅनशिवाय, जंगलात तोड होत नाही. म्यानमारनेही 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता बंदरांवर उतरतो तो इक्वेडोर, घाना अशा देशांतला लागवडीचा साग. तो बहुतेक कोवळा असतो, त्याचा घेर कमी आणि कडेचं पांढरं लाकूड जास्त. हे पांढरं किडतं, म्हणून चौकटीत चालत नाही.

त्यामुळे नफा आता उताऱ्यात, म्हणजे ओंडक्यातून किती टक्के कापीव माल निघतो त्यात आहे, आणि नवे लोक फसतात तेही इथेच. ओंडक्याचं माप चौथाई घेराने धरतात, म्हणजे घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी. मध्यावरचा घेर 120 सेंमी आणि लांबी 3 मीटर असेल, तर 0.30 × 0.30 × 3 म्हणजे 0.27 घनमीटर. खरं घनफळ 0.344 भरतं. त्यातून 0.17 घनमीटर कापीव माल निघाला, तर उतारा पहिल्या मापाने 63 टक्के, दुसऱ्याने 49 टक्के. दोन विक्रेत्यांच्या भावांची तुलना करण्याआधी माप कोणतं, ते विचाराच. घेर साल काढून घेतलाय का, हेही पाहा.

लिलावाचा माल बोली लावण्याआधी डेपोत जाऊन पाहा. दोन्ही तोंडं तपासा: गाभ्यात पोकळी, तोंडापासून आत गेलेली फाट, किड्याची भोकं. फाट जेवढी आत, तेवढी लांबी हिशेबातून वजा करा. ओंडक्यावरचा वनखात्याच्या हातोड्याचा ठसा आणि वाहतूक परवाना जुळत नसेल, तर तो माल कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

कापल्यावर घाई नको. एक इंची फळ्या जमिनीपासून फूटभर उंच, छपराखाली रचा. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर, वरपासून खालपर्यंत एका रेषेत ठेवा. रेषा चुकली की फळी वाकते. तोंडांना मेण किंवा ऑइलपेंट लावा, कारण ओल तिथून सर्वांत लवकर जाते आणि चिरा पडतात. ओलमापकावर 12 टक्क्यांच्या आसपास आकडा आल्याशिवाय सुताराच्या हाती फळी देऊ नका.