रेड डॉट बसणारं छोटं पिस्तूल निवडताना

रेड डॉट म्हणजे पिस्तुलावर बसणारी, काचेत लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट. आधी परवाना बघा. नाशिक शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. ९×१९ मिमी हा सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. तो पोलीस आणि सैन्यदलांसाठी. आपल्याला .३२ सारखा परवानगी असलेला बोअर. परदेशी व्हिडिओतलं मॉडेल मनात धरून दुकानात जाऊ नका.

आता स्लाइड, म्हणजे गोळी सुटली की मागे-पुढे सरकणारा पिस्तुलाचा वरचा भाग. ‘ऑप्टिक-रेडी’ म्हणजे ऑप्टिक (अशी साइट) बसवायला तो भाग कारखान्यातच खाचलेला. साइटचा तळ त्या खाचेत किंवा सोबतच्या प्लेटवर बसायलाच हवा. आरएमआर आणि आरएमएससी हे साइटच्या तळांचे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. थेट बसणारी जोडी मिळाली तर तीच घ्या, कारण प्रत्येक प्लेट म्हणजे सैल होणारे आणखी दोन स्क्रू.

सगळ्यात जास्त घोटाळा स्क्रूंचाच होतो. लांब स्क्रू काही पिस्तुलांत एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) भागावर दाबतो आणि रिकामं काडतूस बाहेर पडत नाही. छोटा स्क्रू दोन-तीनच आटे पकडतो, मग झटक्यांनी सुटतो. तेल पुसा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू न देणारा द्रव) थेंबभर लावा, टॉर्क ड्रायव्हरने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या) साइटच्या पुस्तिकेतला आकडाच द्या (बहुधा १२ ते १५ इंच-पौंड). स्क्रूवर रंगाची रेघ ओढा; रेघ सरकली की स्क्रू सुटलाय.

नाशिकच्या पावसाळ्यात बंद एमिटरची, म्हणजे ठिपका पाडणारा दिवा झाकलेला असलेली, साइट घ्याच. उघड्या एमिटरवर थेंब बसला की ठिपका फुटतो.

बॅटरी संपली तर? काचेतून दिसतील अशा उंच लोखंडी साइट्स हव्यातच. होल्स्टरही (पिस्तुलाचं म्यान) ऑप्टिकसाठी कापलेलं घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं.