पोलीस प्रशिक्षणाचे नियम कागदावर कसे मिळवायचे

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 उघडून त्यात प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम शोधू नका, सापडणार नाही. कलम 5 वाचलं की कारण कळतं: भरती, वेतन आणि सेवेच्या इतर अटी राज्य शासन आदेशाने ठरवतं. म्हणजे खरा मजकूर सेवाप्रवेश नियमांत, शासन निर्णयांत आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तिकांत असतो.

आधी शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’मध्ये गृह विभाग निवडा आणि ‘पोलीस प्रशिक्षण’ शोधा. प्रत्येक निर्णयाला 18 अंकी सांकेतांक असतो; पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो टिपून ठेवा, पुढे अर्जात उपयोगी पडतो.

तिथे न मिळालेल्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, आणि नाशिककर चुकतात ते इथे. त्र्यंबक रोडवरची महाराष्ट्र पोलीस प्रबोधिनी प्रामुख्याने उपनिरीक्षक घडवते. शिपायांची मूलभूत तयारी वेगळ्या प्रशिक्षण केंद्रांत होते. शहर आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक कार्यालय यांचे माहिती अधिकारीही वेगळे. पत्ता चुकला तर माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण भरवसा त्यावर नको.

अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात, एकाच विषयावर, 150 शब्दांत बसवा. त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा (नाशिकमध्ये सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालय परिसरात मिळतं). दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र पुरावा जोडावा लागतो.

भाषा महत्त्वाची. ‘पोलिसांना नीट प्रशिक्षण का देत नाही?’ हा प्रश्न फेटाळला जातो, कारण माहिती म्हणजे अस्तित्वात असलेली नोंद. मत किंवा खुलासा नव्हे. त्याऐवजी असं लिहा: ‘पोलीस शिपाई पदाच्या मूलभूत प्रशिक्षणाचा सध्या लागू असलेला अभ्यासक्रम, विषयनिहाय तासिकांसह, आणि तो मंजूर करणाऱ्या आदेशाची साक्षांकित प्रत द्यावी.’ ‘मंजूर करणारा आदेश’ वगळला तर नुसता तक्ता हाती येतो, आणि तो कुठल्या नियमाने लागू आहे ते कळतच नाही.

पोच घ्या आणि तिच्यावरची तारीख तपासा. उत्तराची मुदत 30 दिवस. ती चुकली तर कलम 7(6) प्रमाणे प्रती मोफत मागता येतात. पुढच्या 30 दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा, पोचेची झेरॉक्स जोडून.