वडापच्या जीपचा गिअरबॉक्स फोर-व्हीलला कसा बसवायचा

पावसाळा तोंडावर आला की गगनबावडा, राधानगरी, आजरा पट्ट्यातल्या जुन्या फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या जीपा माझ्याकडं यायला लागतात. तक्रार बहुतेक एकच: दुसरा गिअर उडतोय, नाहीतर आत खडखड वाजतंय. फोर-व्हीलचा अख्खा गिअरबॉक्स जुन्या बाजारात सहज घावत नाही. टू-व्हीलचा, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ओढ असलेल्या जीपचा, मात्र घावतो, कारण वडापला (शेअरनं माणसं वाहायला) पळालेल्या महिंद्रा कमांडर जीपा ढिगानं भंगारात निघाल्या. त्या गिअरबॉक्सवर फोर-व्हील जीप चांगली चालते, मी चालवून दाखवल्यात. फक्त कुठला भाग कुणाचा घ्यायचा हे आधी डोक्यात पक्कं पाहिजे.

दोन्हीत फरक शेपटीचा. टू-व्हीलच्या गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट लांब असतो, त्यावर टेल हाउसिंग, मागं फ्लँज आणि तिथनं सरळ प्रोपेलर शाफ्ट. फोर-व्हीलचा मेन शाफ्ट आखूड. त्याच्या मागं ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला बळ वाटून देणारी पेटी. स्पायसर १८ धाटणीच्या ट्रान्सफर केसमध्ये तर या आखूड शाफ्टच्या स्प्लाईनवर (शाफ्टवर लांबीत पाडलेल्या खाचांवर) एक गिअर नटानं आवळलेला असतो आणि तो थेट ट्रान्सफर केसच्या पोटात शिरतो. पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचं बळ त्या एका स्प्लाईनवरनं जातं.

म्हणून माझा नियम: शेपूट आपल्या जुन्या गिअरबॉक्सची, पोट वडापच्या जीपचं. मेन शाफ्ट, मागची ॲडॅप्टर प्लेट, ट्रान्सफरचा गिअर, त्याचा नट आणि वॉशर जुन्यातनं जपून काढायचं. इनपुट शाफ्ट (क्लचकडनं आत येणारा), काउंटर गिअर (खालचा जोडगिअर), सिंक्रो रिंगा (गिअर बिनआवाज गुंतवणाऱ्या) टू-व्हीलमधनं घ्यायच्या. केसिंग तडकलेलं नसेल तर तेही जुनंच ठेवा, म्हणजे मागच्या बाजूची भोकं आणि माउंटिंग जुळवत बसावं लागत नाही.

लांब शाफ्ट कापून त्यावर नव्या स्प्लाईन पाडून घेण्याचा मोह होतो. मला झाला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि मिलिंग हाकेच्या अंतरावर, काम एका दिवसात झालं, दिसायलाही सुंदर. दोन महिन्यांनी भाताची पोती भरून वैभववाडीकडनं करूळ घाट चढताना एकदम इंजिन मोकळं पळालं. कुठलाही गिअर टाका, चाकाला काही कळेना. फोर-व्हीलचा दांडा ओढला, तरी तेच, कारण पुढच्या ॲक्सलचीही वाट त्याच स्प्लाईनवरनं. गाडी मागं सरकायला लागली, ती पायब्रेक आणि हँडब्रेकवर थांबली. त्या जीपला हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागं, म्हणजे तुटल्या जागेच्या पलीकडं असतो, म्हणून तो कामी आला. मागं बसलेल्या गड्यानं उडी टाकून चाकाखाली दगड लावला. उघडून बघितलं तर स्प्लाईन दाढीच्या ब्लेडनं तासल्यासारख्या सपाट. शाफ्टची वरची पातळ कातडीच तेवढी कडक केलेली असते, आतलं लोखंड त्या मानानं मऊ. कापून तासलं की कातडी गेली आणि सगळा भार मऊ पोटावर आला. त्या दिवसापासनं कापलेला शाफ्ट मी कुणाच्याच गाडीत घातला नाही. तुम्हीही घालू नका. जुना आखूड शाफ्ट खराब असेल तर चार दिवस थांबा, पण तसलाच अखंड शोधा.

जुना शाफ्ट उन्हात आडवा धरून बघायचा. स्प्लाईनच्या खाचा सरळ रेषेत पाहिजेत. शेवटाकडं किंचित जरी तिरक्या झाल्या असतील तर शाफ्टनं पीळ खाल्लाय. मग दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून व्हर्नियरनं बेअरिंगच्या जागा, सर्क्लिपच्या खाचा आणि पुढचं बारीक टोक मोजा. गिअरचे दात मोजून लिहा. इनपुट शाफ्ट आणि काउंटर गिअर ही जोडी आहे, एक इकडचा एक तिकडचा करू नका. टू-व्हील डीआय इंजिनची आणि तुमची प्यूजो इंजिनची असेल तर इनपुट शाफ्टची लांबी आणि क्लच प्लेटच्या स्प्लाईन आधी ताडून बघा. इथं जमलं नाही तर तो गिअरबॉक्स घेऊच नका.

जोडताना खरी परीक्षा काउंटर गिअरच्या बारीक रोलरची. त्यासाठी मी सागवानी दांडा लेथवर उतरवून ठेवलाय, काउंटर शाफ्टच्या जाडीचा पण गिअरइतकाच लांब. दांडा गिअरमध्ये घालायचा, भोवतीनं ग्रीस लावून एकेक रोलर उभा करायचा, दोन्हीकडं थ्रस्ट वॉशर ग्रीसनंच चिकटवायचे. मग गिअर केसिंगच्या तळाला ठेवायचा, मेन शाफ्ट आणि इनपुट बसल्यावर उचलायचा आणि खरा शाफ्ट मागनं सारत न्यायचा. तो आत येईल तसा लाकडी दांडा पुढनं बाहेर पडतो. रोलर मोजून घाला आणि उरला का ते बघा. एखादा खाली पडून राहिला तर पुढं दातात येऊन अख्खा गिअरबॉक्स फोडतो.

ट्रान्सफरच्या गिअरचा नट आवळताना शाफ्ट फिरतो. वरचं झाकण उघडं असतानाच दोन गिअर एकदम गुंतवा, शाफ्ट जाम होतो. नट आवळून स्प्लिट पिन नवीच घाला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधलं ऑइल सीलही नवं. टू-व्हीलच्या शेपटीवरचा स्पीडोमीटरचा गिअर इथं लागत नाही, केबल ट्रान्सफर केसलाच जाते.

टू-व्हील जीपचा मागचा ॲक्सलही उचलावा असं कुणी सुचवेल. क्राऊन-पिनियनचे (ॲक्सलमधल्या दातेरी जोडीचे) दात मोजल्याशिवाय नको. जुन्या विलिजला ४३ ला ८, म्हणजे ५.३८ चं प्रमाण असतं. पुढं मागं प्रमाण वेगळं झालं तर फोर-व्हील टाकल्यावर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात. आणि मूळ टू-व्हील गाडीच फोर-व्हील करायची असेल तर ते वेगळं प्रकरण, तिथं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, म्हणजे कंपनीच्या गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं कलम, आडवं येतं.

तेल ९० नंबरचं, जीएल-४. सिंक्रो रिंगा पितळी आहेत, त्यांना तेच मानवतं. पहिली चाचणी नांगरलेल्या रानात घ्या, लो गिअर टाकून. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळू नका, दोन्ही ॲक्सलच्या मधे त्यांच्या वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसल्यानं सगळा ताण नव्या जोडणीवर येतो. पाचशे किलोमीटरनंतर दोन्हीकडची तेलाची पातळी बघा. गिअरबॉक्सची उतरली आणि ट्रान्सफर केसची चढली तर मधलं सील बसलेलं नाही, पुन्हा उतरवून ते बदला.