कमी पावसात पीक: जुन्या शेतकऱ्यांची रीत कशी वापरावी

पाऊस कमी म्हटलं की आपण आधी पाणी शोधायला निघतो. वाळवंटाच्या कडेला शेती करणाऱ्या जुन्या लोकांनी आधी पेरा कमी केला. त्यांची रीत लहानशा तुकड्यावर करून बघता येते.

सुरुवातीला कुदळ लागत नाही. एका जोरदार सरीत रानात उभे राहा, पाणी कुठून उतरतं नि कुठे थांबतं ते बघून खुंट्या ठोका. वरचा उतार पाणी देईल, खालचा सखल भाग पीक घेईल. इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटात वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. तिथे नबातियन (प्राचीन अरब लोक) आणि पुढे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळातले शेतकरी एक एकर पिकामागे साधारण २० ते ३० एकर उतार न पेरता ठेवत. उतारावरचे दगडही वेचून त्यांनी ढीग लावले. दगड निघाले की सरीच्या माराने तिथल्या बारीक मातीवर पापडी धरते आणि पाणी मुरायच्या आत खाली पळतं. एरवी पापडीला आपण शिव्या घालतो, इथे तीच कामाची! तुमची माती मात्र सहज वाहून जाणारी असेल, तर दगड हलवू नका.

खालच्या तुकड्याला गुडघाभर उंचीचा दगडी बांध घाला आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, ठेवा. सांडव्याशिवाय बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटेल.

जमीन कडक झाली असेल तर पश्चिम आफ्रिकेतले 'झाई' खड्डे घ्या. वीतभर रुंद, १० ते २० सेंटिमीटर खोल. माती उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी रचा, खड्ड्यात मूठ-दोन मूठ शेणखत टाका. हे काम पावसाआधी, कोरड्या दिवसांतच उरका. शेणखताच्या वासाने वाळवी येते, जमीन पोखरते आणि त्या भोकांतून पाणी खोल जातं. तिथल्याच बुर्किना फासो देशात याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८० च्या दशकात ही जुनी पद्धत सुधारून उजाड जमिनीवर ज्वारी-बाजरी पिकवली.

टोकण विरळ करा. अमेरिकेतल्या होपी या मूळनिवासी जमातीचे शेतकरी मका १५ सेंटिमीटर किंवा त्याहून खोल, ओल लागेल तिथे टोकतात. एका खड्ड्यात बरेच दाणे, आणि दोन खड्ड्यांत मोठी मोठी पावलं अंतर. ही खोली आंधळेपणाने उचलू नका. त्यांच्या मक्याचा कोंब तेवढ्या खोलीतून वर येतो, नेहमीचं बियाणं आतच कुजेल.

पहिलं पाणी मुरल्यावर दोन दिवसांनी जमिनीत लोखंडी सळई दाबा. ओलीत ती सरसर जाते, कोरड लागली की अडते. हातभरही गेली नाही तर पुढच्या वर्षी पेरा आणखी आवरा.